अकरा जूनची दुरुस्ती

अलोरे,
१९ ऑगस्ट

प्रिय सर्वेश,

सकाळी तुला नुसता निरोप टाकला, की पत्र पाठवते आहे, ते हातात पडेपर्यंत राजीनाम्याचं काही करू नकोस. त्यावर तू चार फोन केलेस आणि मी एकही उचलला नाही. रागावू नकोस. फोनवर मी तीनदा सुरुवात केली होती, पण तू लगेच ‘ताई, तू कशाला वाईट वाटून घेतेस’ म्हणतोस आणि माझं तोंड बंद होतं. ईमेल करायला आता मन धजत नाही. म्हणून कागद घेतला. मघापासून दोनदा उठून सेतू केंद्राचं शटर अर्धं खाली ओढलं आणि पुन्हा वर केलं. गिऱ्हाईक कोणी नाही, तरी बसवत नाही.

जूनमधलं अण्णांचं वर्षश्राद्ध सारखं आठवतं. तू येत नव्हतास. काम अडलंय, पण कसलं ते सांगता येत नाही, म्हणालास. मीच भांडले. बापाचं पहिलं वर्षश्राद्ध, एकुलता मुलगा, कॉलनीतले लोक काय म्हणतील, तोंडाला येईल ते सुनावलं. आलास तो लॅपटॉप छातीशी धरूनच. पावसानं नेटवर्क गेलेलं, आणि तू मोबाईल उंच धरून छत्रीतून पाण्याच्या टाकीपर्यंत खेपा घालत होतास. मी चेष्टा केली, की तुमच्या कंपनीचा ब्राउझर दोन दिवस आजारी राहिला तर कोणी मरत नाही. तू हसलास, पण जेवला नाहीस नीट.

दुरुस्ती बाहेर पडल्यावर मग फोनवर सगळं उलगडून सांगितलंस. नुसतं एखादं पान उघडलं तरी साठवलेले पासवर्ड चोराच्या हाती जातील अशी फट होती. ती फट शोधणाऱ्या बाईनं कंपनीला गुपचूप कळवून नव्वद दिवसांची मुदत दिली होती आणि तुम्ही नऊ दिवसांत, अकरा जूनला, ती बुजवलीत. सात दिवसांतच झालं असतं, पण शेवटची तपासणी तुझी होती आणि तू इथे आमच्या टाकीपाशी उभा होतास. आणखी एक सांगितलंस. दुरुस्ती बाहेर आली, की चोरही ती उलगडून बघतात, भोक कुठं होतं ते त्यांना तेव्हाच कळतं, मग जो उशीर करील तो सापडतो. शेवटी विचारलंस, ताई, केंद्रातल्या संगणकावर नवी आवृत्ती घेतलीस ना? फोन स्पीकरवर होता, मी चहा गाळत होते. हो म्हटलं.

आदल्या नोव्हेंबरातली गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण तू हसला असतास. वीजप्रकल्पातले सगळे निवृत्त लोक पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला रांगेत, आणि सकाळीच ब्राउझरनं नवी आवृत्ती घेतलेली. त्यासरशी अंगठ्याचं यंत्र बंद. गोदूबाई चार तास बाकावर बसून होती. मी जिती हाय ह्ये काय ह्याला पटत नाय, म्हणाली, आणि सगळी रांग हसली. मला मात्र आत जाऊन रडू आलं. तेव्हापासून पडद्यावर नव्या आवृत्तीची पाटी आली, की माझी नजर आधी अंगठ्याच्या यंत्राकडे जाते.

मग दोन जुलै. केंद्राची मेल चोरांनी बळकावली, पासवर्ड बदलला, आणि मालनकाकूंच्या सानिकाला रत्नागिरीला नर्सिंगची सीट लागली ती त्याच आठवड्यात. त्यांच्या घरी मेल कोणाचीच नाही, म्हणून अर्जात केंद्राची दिलेली. गावातल्या निम्म्या अर्जांत तीच असते. सीट स्वीकारायला तीन दिवस, आणि त्यासाठी लागणारा कोड त्या मेलवर. मी मदत क्रमांकाला दिवसभर फोन लावत बसले, सानिका समोरच्या खुर्चीत. तीन दिवस गेले, सीट दुसऱ्या मुलीला गेली. पुढच्या फेऱ्यांत तिचा नंबर लागला नाही. आता ती चिपळूणला कापडाच्या दुकानात उभी असते.

त्या वेळी लोकांना मी काय सांगितलं ठाऊक आहे? दोष ब्राउझरचा, माझा भाऊच तिथे आहे, तोच म्हणतो की फट होती, आणि श्राद्धापायी दुरुस्ती दोन दिवस लांबली. तुझ्या नावामागे लपले मी. त्यानंतर तू पुन्हा आलास तेव्हा मालनकाकूंनी तुला दारात गाठून विचारलं, ‘श्राद्धाला दोन दिस उशिरा आला असतास तर काय व्हतं रे?’ मी शेजारी उभी होते. त्यानंतरच तू राजीनाम्याचं बोलू लागलास. पासवर्ड त्या दोन दिवसांतच चोरीला गेला आणि चोरांनी तो जुलैत वापरला, असं तुझ्या डोक्यात बसलं.

तसं झालेलं नाही. मेलचा पासवर्ड मी अठ्ठावीस जूनला बदलला होता. म्हणजे चोरी त्यानंतरची, तुझी दुरुस्ती येऊन सतरा दिवस झाल्यावरची. ती दुरुस्ती माझ्या पडद्यावर रोज यायची आणि रोज मी ‘नंतर’वर बोट ठेवायची. जूनमध्ये पेन्शनवाले कोणी नव्हते, सबबसुद्धा नव्हती. तू आवृत्तीचा नंबर विचारायला लागलास, त्या दिवशी मी संगणक दुरुस्त करणाऱ्या रितेशला बोलावून त्यातलं सगळं पुसून घेतलं, जुनी आवृत्ती तुला कळू नये म्हणून. काल मालनकाकूंकडे जाऊन हे सगळं सांगितलं. सानिका उठून आत गेली. काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, ‘आनि त्येला कवा सांगनार?’ म्हणून हे पत्र. सर्वेश, त्या पोरीचं वर्ष मी घालवलं. तू त्या दोन दिवसांत अण्णांना पिंड दिलास, दुसरं काही केलं नाहीस.

तुझीच,
दीपालीताई