शेवटचा तुकडा

प्रिय चिमणे,

फोन बंद ठेवून तू काय साधतेस, ते तुझं तुलाच ठाऊक. बाबा म्हणतात, पोरगी हट्टाच्या बाबतीत आईवर गेली आहे. असेलही. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस, घाईत लिहिते आहे.

तुझ्या सरांनी तो आरोप केल्यापासून मला अन्न गोड लागलेलं नाही. अभ्यासासाठी तू रानात केलेल्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी पाखराची तीच साद दोनदा येते, म्हणजे तू आवाज चिकटवून ती लांबवलीस म्हणे. "शेवटी मी माझ्या आवाजात जागा आणि वेळ बोलते," असं तू परोपरीने सांगत होतीस आणि ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. चित्रात रंग जरा बाहेर गेला तरी भोकाड पसरणारी तू, आणि तू बनवाबनवी करणार!

तू दिलेली डिस्क मी ऑफिसात नेली. तुमच्या विभागात आहे तीच आमच्या कंपनीची सिस्टीम; तिच्यावर फाइल उघडली, तर साद दोनदा. दुसऱ्या सिस्टीमवर उघडली, तर एकदाच. पुढचं ऐकायला न थांबता मी आमचा कोड काढून बसले, कारण डिस्कवरची फाइल वाचून देणारा छोटा प्रोग्राम, ज्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो, तो आमच्याच टीमचा आहे. तो फाइल तुकड्यातुकड्यांनी वाचतो. शेवटचा तुकडा अपुरा असला की गडबडतो आणि आधीचाच तुकडा पुन्हा हातावर ठेवतो. वर चूक झाल्याचं कळवतही नाही, अगदी साळसूद. मी ते दुरुस्त केलं आणि पुन्हा ऐकलं. साद संपली आणि तुझा आवाज आला, जागा, वेळ, आणि मग, "बोटं गारठली, बंद करते आता." मी डेस्कवर डोकं टेकून रडले.

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, मोठ्या गिऱ्हाइकाचं काम होईपर्यंत याची वाच्यता नको.

सकाळी बाबांनी सांगितलं, की एकदाची कटकट मिटावी म्हणून तू आज चौकशी समितीपुढे कबुलीच्या कागदावर सही करणार आहेस. करू नकोस. मी तुझ्या विभागाच्याच इमारतीत खाली बाकावर बसले आहे, मांडीवर लॅपटॉप घेऊन. शिपाई वर सोडत नाही, पण चिठ्ठी पोचवतो म्हणाला. साहेबांचं काय ते मी बघून घेईन. चूक आमची आहे, हे समितीला तोंडावर मीच सांगणार आहे. पेन खाली ठेव आणि मला वर बोलाव.

तुझीच,
आई