जबानीतला माणूस

सोमवार, ३ तारीख

आलो बुवा एकदाचा! पुस्तकांची सात खोकी उतरवताना गाडीवाल्यानं विचारलं, आजोबा, यात दगड भरलेत काय. म्हटलं, कविता आहेत, दगडापेक्षा जड. तो हसला नाही. माझ्या विनोदांचं हे नेहमीचंच.

दादाचं हे घर आता माझं. धाकट्या भावासाठी घर ठेवून जाण्याइतका तो मायाळू होता, हे त्यानं जिवंतपणी कधी कळू दिलं नाही. पुढे बैठकीची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, मग अंगण आणि अंगणाच्या टोकाला लोखंडी फाटक. बैठकीतलं दादाचं टेबल अशा जागी लावलंय की मधली दारं उघडी ठेवली की नजर थेट फाटकापर्यंत जाते. इथं बसून शाळेतल्या कविता आठवून आठवून वहीत उतरवायच्या, एवढंच काम उरलंय. चौथीतल्या बाई म्हणायच्या, कविता म्हणताना बाहेर बघ, विसरलेली ओळ तिथूनच येते.

मंगळवार, ४

कपाटात दादाची बंदूक सापडली. दुनळी, तेल पाजलेली, फडक्यात गुंडाळलेली. शेजारी काडतुसांचा डबा. फुगा फुटला तरी दचकणारा मी! लेकीला फोनवर सांगितलं तर ओरडलीच, बाबा, आधी ती पोलिसांत जमा करा, कविता पळून जात नाहीत. सोळा तारखेला, रविवारी चारच्या सुमारास ती येणार आहे. पुढच्या दाराचं कुलूप बाहेरून उघडताना अडतं, म्हणून मागच्या फाटकानंच ये म्हटलंय.

दुपारी चार वाजता त्या फाटकाबाहेर कुणी उभा होता. पांढरा सदरा, पाठमोरा. रस्ता चुकला असेल. मी चहा गाळून येईतो गेलाही.

गुरुवार, ६

काल तो फाटकाच्या आत होता. अंगणात, आंब्याखाली, पाठ माझ्याकडे. हाक मारली. ढिम्म.

म्हणून आज ठाण्यात गेलो. म्हटलं, दोन्ही कामं होतील. एकही झालं नाही. बंदुकीचा परवाना मयताच्या नावावर, तेव्हा अर्ज तीन प्रतींत हवा, शिवाय मृत्यूचा दाखला, आणि हत्यारांचं बघणारे साहेब रजेवर. तोवर राहू दे घरीच, असं हवालदार म्हणाला, जशी काही छत्री आहे. त्या माणसाबद्दल सांगितलं तर विचारतो, काही चोरलं का? नाही. दमदाटी केली? नाही. चेहरा कसा होता? दिसला नाही. मग काका, तक्रार कसली लिहू, पाठीची?

शेजारचा कारकून फिसकन हसला. माझ्या विनोदांना कुणी असं हसलं असतं तर!

शनिवार, ८

वकीलबाईंकडे जाऊन आलो. दादाचा खटला त्यांच्या वडिलांनी चालवला होता. कोणी नुसता आवारात शिरला, एवढ्यावर त्याचा जीव घेता येत नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. आपल्या जिवावर बेतेल अशी खरी भीती हवी आणि सुटकेचा दुसरा मार्ग नको. आणि एकदा का तो परत फिरला, की काका, तुमचा हक्क तिथंच संपला. जाणाऱ्याच्या पाठीत गोळी म्हणजे सरळ खून.

मी म्हटलं, मला कुणाला मारायचं नाहीये हो, ती बंदूक द्यायची आहे. त्यावर त्यांनी अर्जाचा नमुना दिला. तो जुना निघाला.

निघताना म्हणाल्या, तुमच्या दादांचं नशीब. बाबा सांगायचे, एका वाक्यावर सुटले ते.

चहा अर्धाच टाकून उठलो.

सोमवार, १०

तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा आहे. दार लावून घेतलं होतं.

आज नीट पाहिलं. तो उलटा चालतो. टाच पुढे, चवडा मागे. पाठ पुढे करून माझ्याकडे येतो. तोंड बघावं म्हणून मी बाहेरून वळसा घालून अंगणात गेलो, तर तिथूनही पाठच. वैतागून चप्पल फेकली. त्याच्यातून आरपार जाऊन पलीकडे भिंतीवर आपटली.

लेकीला सांगू? लगेच डॉक्टरकडे नेईल.

बुधवार, १२

लिहूनच टाकतो.

तीस वर्षांपूर्वी एक माणूस या अंगणातून पलीकडच्या रस्त्याला जायचा. जवळची वाट म्हणून. दादानं दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा दादा बंदूक घेऊन बाहेर आला. तो निमूट परत फिरला, आणि फाटकाकडे जाताना दादानं गोळी घातली.

दादानं मला बोलावून घेतलं. म्हणाला, तुझी भाषा चांगली, जबानी तूच लिहून दे. मी टेबलाशी बसलो. हेच टेबल. दादाचं सगळं ऐकलं आणि लिहिलं: तो माझ्या अंगावर चालून आला, आणि गोळी सुटली त्याच क्षणी वळला.

वकील खूश झाले होते. मलाही, देवा, मलाही ते वाक्य आवडलं होतं. कसं डौलदार झालं होतं!

आणि हा तस्साच येतोय. अंगावर चालून. वळलेला. मी लिहिलं तसा.

शुक्रवार, १४

साहेबांची रजा वाढली. हवालदारानं ओळखलं. म्हणाला, काका, पाठ कशी आहे? बंदूक सोबत नेली होती. रिक्षातून अशी नेतात होय, म्हणून वर ओरडला आणि परत धाडलं.

तो बैठकीत आला. टेबलापासून सहा पावलं.

दोन्ही नळ्या भरल्या. कशाला, माहीत नाही. चालून येतो म्हणून गोळी घालावी, तर पाठीतच लागणार. मग मीही —

शनिवार, १५

दोन पावलं. सदऱ्याला भोक आहे. कडा काळ्या. एकही कविता आठवत नाही. बाहेर बघावं तर मध्ये ती पाठ —

रविवार, १६

लेकीला फोन लावतोय. येऊ नकोस म्हणून. लागत नाही. प्रवासात असेल.

पावणेचार. पाठ टेबलाला टेकली. बंदूक टेबलावर, नळ्या त्याच्याकडे.

खरी जबानी लिहिली. उभा राहून मोठ्यानं वाचली, शाळेत वाचायचो तशी. तो परत निघाला होता. तो अंगावर आला नव्हता. ते वाक्य माझं.

हलला! पुढे — म्हणजे लांब. पावलं सुलटी. जातोय. उंबरा ओलांडला. सुटलो —

असा? इतके दिवस छळून, तोंडसुद्धा न दाखवता? ओरडलो. थांब म्हटलं. थांबत नाही. माझं माफ झालं की नाही, तेवढं तरी सांग —

दादालाही हेच झालं असणार. भीती नव्हे. जाणाऱ्या पाठीचा राग.

आंब्याखालून गेला. फाटकाशी पोचतोय. जाऊ दे. जाऊ दे त्याला. उजव्या हातात पेन आहे. डावा हात कधी बंदुकीच्या चापावर —

फाटक वाजलं. त्या पाठीच्या पलीकडून हाक — बाबा, आले हं — तिला तो दिसत नाही — बाळ, बाजूला — बोट निघत ना