बुधवारची गाडी

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

लालासाब खोटं बोलतोय. पुरावा नाही — पण बोलतोय!

एसटीत कंट्रोलर म्हणून सगळी नोकरी स्टँडवर काढली. कंडक्टरनं गाडीतून खाली पाय टाकला की चेहऱ्यावरून कळायचं, आज ह्यानं काहीतरी केलंय. माणूस रिटायर होतो, नाक होत नाही.

आता ट्रस्टच्या दोन गाड्या सांभाळतो. मागून उतार लावलेल्या, माणूस खुर्चीसकट आत जाईल अशा. ज्यांना बसची पायरी चढवत नाही, रिक्षात बसवत नाही, त्यांना दवाखान्यात, बँकेत, सरकारी कचेरीत न्यायचं आणि आणायचं. ऑफिस राजारामपुरीत. पवित्रा फोन घेते, कोणती गाडी कुठं धाडायची ते मी ठरवतो. दोन्ही गाड्या मोबाईलवर ठिपक्यासारख्या दिसतात.

आज ड्रायव्हर लालासाबनं बनाबाईंना डायलिसिसला सोडलं. त्यानंतर मी मोबाईल बघितला तेव्हा त्याचा ठिपका जवाहरनगरात जाऊन बसलेला. दुपारभर हलला नाही. जवाहरनगरात आमचा एकही पेशंट नाही. लालासाबचं घर मात्र आहे!

संध्याकाळी विचारलं, "दुपारी कुठं हुतास?"

"जेवाय गेलतो, काका."

"एवढा वेळ?"

"आईनं थांबवलं की."

बोलताना किल्लीकडं बघत होता. माझ्याकडं नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

गाडी तपासली. उताराच्या फळीला लाल माती! काल त्याच्या गाडीत खुर्चीवालं कुणी नव्हतंच. बनाबाई काठी घेऊन चालतात. मग उतार काढला कशाला? सामान वाहतोय. फ्रीज, कपाटं — कुणाचं तरी बिऱ्हाड हलवतोय आमच्या गाडीतून.

पवित्राला विचारलं. "मला काय म्हाईत, काका," म्हणाली, तीही कॉम्प्युटरकडं बघत. ही पोरगी एरवी न विचारता सगळ्या राजारामपुरीच्या बातम्या सांगते. दोघं मिळालेली आहेत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज सरळ गेला, सरळ आला. म्हणजे सावध झालाय.

रविवार, १६ नोव्हेंबर

सुट्टी. शिवगंगाला सगळं सांगितलं. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून बायको घरातच. दुसरा मजला, लिफ्ट नाही. गॅलरीतली खुर्ची आणि टीव्ही. एरवी मी आलो की विचारते, आज कुणाला कुठं नेलं, कोण काय म्हणालं. आज निमूट ऐकून घेतलं. "गरीब माणूस हाय, जाऊ द्या की," एवढंच.

गरीब! हिला काय माहीत तो कसा आहे ते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शिरोळहून फोन. एका बाईंना चाकाच्या खुर्चीतून पुतण्याच्या लग्नाला कोल्हापूरला यायचंय. पवित्रा माझ्याकडं बघत राहिली. मी फोन घेतला. "बाई, गाडी अडलेल्यांसाठी हाय. लग्नासाठी न्हाय." ठेवला. दिवसभर पवित्राचं तोंड फुगलेलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

परत जवाहरनगर!

लगेच फोन लावला. त्यानं उचलला, आणि मागं बायका हसत होत्या. एक तर अशी खदखदून, की दम लागून खोकायला लागली.

"कोण हाय रे तिथं?"

"टीव्ही हाय, काका."

टीव्ही! टीव्हीतल्या बाईला खोकला लागतो होय?

शिरोळच्या त्या बाईंना नाही म्हणायचं, आणि हा गाडी दारात लावून घरात हसत बसणार. उद्या अनुजाताईंना सांगतो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सांगितलं. अनुजाताई ट्रस्टच्या प्रमुख, माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, खात्री आहे ना? एकदा जाऊन बघू या का?"

"ताई, अख्खी नोकरी हेच केलं."

त्यांनी वहीत लालासाबचं नाव लिहून घेतलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

चौकशी होईपर्यंत लालासाबला कामावरून थांबवलं. सगळ्यांसमोर विचारलं त्याला, बुधवारी गाडीत कोण असतं? गप्प. एक अक्षर नाही! किल्ली टेबलावर ठेवली आणि जाताना माझ्यापाशी थांबला.

"काका, तुमी तरी आसं कराय नको हुतं."

तुमी तरी? म्हणजे काय? धमकी वाटली मला. घरी सांगितलं तर शिवगंगा भाजी निवडता निवडता थांबली. "काढलं त्याला?" विचारलं. जेवली नाही. तोंडाला चव नाही म्हणाली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

एका गाडीवर सगळा गाव. बनाबाई सकाळपासून आवरून दारात बसलेल्या. गाडी गेली तेव्हा डायलिसिसचा त्यांचा नंबर दुसऱ्याला दिला होता. परत घरी. सुजलेल्या पायांनी. सून फोनवर ओरडली, "आमच्या म्हातारीला काय झालं तर कुणाच्या दारात येऊ?" मी म्हणालो, ड्रायव्हरच्या. ती म्हणाली, "लालासाबच्या? त्यो असता तर येळंवर आला असता!"

सगळ्यांना त्यानं बांधून ठेवलंय. पवित्रा माझ्याशी बोलत नाही. चहाचा कप ठेवते आणि जाते.

पुरावा पाहिजे. परवा बुधवार. मीच जातो जवाहरनगरला. शेजाऱ्यांना विचारतो.

बुधवार, २६ नोव्हेंबर

जवाहरनगरला जाऊन आलो. जे बघितलं ते लिहितो.

बोळाच्या तोंडाशीच घर. अंगणात लाल माती. दाराचा उंबरा फोडून सिमेंटचा उतार केलाय. आत लालासाबची आई, अमीरबी. चाकाच्या खुर्चीत, साखरेपायी एक पाय कापलेला. दाराकडं तोंड करून बसलेली. मला बघून माझ्या मागं बघायला लागली.

"आली काय?"

"कोण?"

"शिवगंगाक्का. बुधवार हाय न्हवं."

मी दाराची चौकट धरली.

"गाडी न्हाय व्हय? लालाला घरी बसवलंय कुना मेल्यानं. मला वाटलं, दुसऱ्या गाडीनं धाडतील. बसा की पावणं, तुमी ऑफिसातलंच न्हवं?"

व्हय म्हणालो. बसलो. दुसरं काय करणार!

मग ती सांगत गेली. दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात, जिथं पुरुषांना सोडत नसत, दोघींच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. हिचा पाय कापला त्या दिवशी शिवगंगानं पलीकडून हात लांब करून हिचा हात धरून ठेवला होता. घरी गेल्यावर फोनवर बोलायच्या. पण फोनवर कुणाला रडता येतं? मग लालाला सांगितलं, बनाबाईला सोडलं की तुझी गाडी मोकळीच असती, तिला घेऊन ये.

"हितं आली की आदी हसती बघा. खोकला लागंपतूर हसती. मग चा. मग एकमेकीच्या क्येसाला त्याल लावतो. तिच्या घरात कुनी न्हाय बोलाय. न्हवरा यष्टीत सायेब हुता म्हनं. चांगला हाय, पर त्याला समद्यांचा संशव. तिनं कुटं जायाचं म्हनलं की म्हंतोय, पडशील."

चहा दिला. प्यालो. नाव सांगायचं धाडस झालं नाही.

त्या दिवशी फोनवर हसत होती ती शिवगंगा. इतकी वर्षं एका घरात राहतोय, आणि मला बायकोचं हसणं ओळखू आलं नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

काल संध्याकाळी बोललो. आधी उगाच चढ्या आवाजात.

"जवाहरनगरला गेलतो."

ती गॅलरीतून आत आली, वॉकर टेकत. बसली. घाबरली नाही.

"कशी आहे अमीर?"

"तू खाली कशी उतरायचीस?"

"लालासाब आणि खालचा टेलर. खुर्चीत बसवून उचलायचे. तुम्ही ऑफिसला गेलात की."

"मला सांगायचं होतं!"

"विचारलं होतं तुम्हाला. पावसाळ्यात. म्हटलं, तुमच्या गाडीतून एकदा अमीरकडं सोडता का? पेपर वाचत होतात. म्हणालात, गाडी अडलेल्यांसाठी आहे." थांबली. "मी अडलेली न्हाय?"

मला आठवत नाही. पण म्हणालो असेन. वाक्य माझंच आहे.

मग मी नियम सांगायला लागलो. ट्रस्टची गाडी, परवानगी, काही झालं असतं तर जबाबदारी कुणाची. चिडली की ती माहेरच्या कन्नडवर जाते. "साकु!" म्हणाली. पुरे! आणि वॉकर घेऊन आत गेली.

एकच प्रश्न डोक्यातून जात नाही. लालासाबनं माझ्या बायकोचं नाव का घेतलं नाही? एका वाक्यात सुटला असता, आणि मी सगळ्यांसमोर उघडा पडलो असतो. का गप्प बसला? त्याला माझ्याकडून काय पाहिजे?

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

उद्या मीटिंग. "चौकशीत काही आढळलं नाही" एवढं म्हटलं तरी भागेल. लालासाब परत येईल, माझं झाकलेलं राहील. पवित्रा बोलणार नाही. की बोलेल? भरवसा नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सांगितलं. सगळं. "बुधवारची पॅसेंजर माझी बायको होती." पवित्रानं तोंडावर हात धरला. सगळं तिनंच जुळवून दिलं होतं, ते तिनं तिथंच कबूल केलं.

अनुजाताईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, लालासाबनं न सांगता गाडी नेली, ते बरोबर नाही. पण गाडी मोकळी उभी राहण्यापेक्षा कुणाला मैत्रिणीकडं, लग्नाला, देवाला सोडलं तर बिघडलं काय? जोतिबाला जायचं म्हणून किती जणांचे फोन येतात! यापुढं मोकळ्या वेळेत कुणीही, कुठंही. आधी नाव सांगायचं, बस्स.

मला वाटलं, मला काढतील. नाही काढलं. उलट "काका, बरं झालं तुम्ही सांगितलंत" म्हणाल्या. ते जास्त लागलं.

बाहेर लालासाब उभा होता. म्हणालो, "चुकलं माझं. पण तू बोलला का न्हाईस?"

"अक्कांनी शपथ घातलती, काका."

एवढंच. त्याला काहीच नको होतं.

सोमवार, १ डिसेंबर

लालासाब कामावर. बनाबाई वेळेवर पोचल्या. शिरोळच्या बाईंना मीच फोन केला. लग्न होऊन गेलं होतं.

मंगळवार, २ डिसेंबर

शिवगंगाला म्हणालो, खालच्या मजल्यावर जागा बघू या. "बघा," म्हणाली. शांत होती. मोबाईलवरून पवित्राला स्वतः फोन केला, माझ्यासमोर, उद्याच्या गाडीसाठी. माझ्या आवडीची आमटी केली. सगळं फारच नीट चाललंय. संशय आला. मग स्वतःलाच म्हटलं, बसलिंगाप्पा, आता तरी पुरे कर!

बुधवार, ३ डिसेंबर

तिची गाडी मीच लावली. आज लपवाछपवी नाही, ठिपका जवाहरनगरात गेला तो बघत बसलो. बरं वाटलं.

दुपारी पवित्राला विचारलं, परत आणायला लालासाबला कधी पाठवू? तिनं कॉम्प्युटरकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

"काका, अक्कांनी परतीचं बुकिंग केलंच न्हाय."