रेक्टरीतून समुद्र दिसतो

४ सप्टेंबर
निवृत्तीनंतर माणसं गंजतात. मी गंजणार नाही. पाद्रीबाबांचं जुनं घर, म्हणजे गावाची रेक्टरी, घेऊन टाकली. सगळ्या खोल्या रंगवून झाल्या, शनिवारपासून सुट्टीचे पाहुणे. प्रत्येक खोलीत एक छापील पुस्तिका ठेवणार : 'रेक्टरीचा इतिहास'. लेखक मी. रोज सकाळी दोन पानं. संकल्प पक्का.

७ सप्टेंबर
पानं नाही झाली. गवत कापत होतो. शेजारच्या मिसेस गॅरड कुंपणावरून म्हणाल्या, "मास्तर, कापताय कशाला? समुद्र नेईलच की." नवरा मासेमार होता, त्यामुळे बाईंच्या मनात समुद्राविषयी अढी. मी जन्मभर भूगोल शिकवलाय. कडा झिजतो, पण सावकाश.

१९ सप्टेंबर
इतिहासाला सुरुवात! पहिले रेक्टर, म्हणजे इथले पाद्रीबाबा, घोड्यावर बसून समुद्र बघायला जात, इतका तो लांब. मध्ये शेतं, गल्ली, चर्च. चर्च आता नाही. 'पुढे चर्चचे स्थलांतर झाले' असं लिहिलं. हेस्टरने वाचलं. म्हणाली, "स्थलांतर? क्लेमंट, ते खाली पडलं. घंटेसकट." बायकोला संपादनातलं कळत नाही.

२ ऑक्टोबर
शेवटच्या रेक्टरांबद्दल मिसेस गॅरडना विचारलं. जेवता जेवता उठले, टोपी घेतली, निघून गेले. सूप टेबलावर तसंच. का? "ऐकू आलं असेल." काय? "येईल, तुम्हालाही येईल." पुस्तिकेत लिहिलं : 'त्यांना प्रवासाची आवड होती.'

१५ ऑक्टोबर
अभ्यासिकेच्या जमिनीखाली धप्प असा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. जुने पाइप. हेस्टर म्हणते त्या बाजूला पाइपच नाहीत. मग उंदीर असतील. "केवढे रे?" म्हणाली. हसली मात्र नाही.

३० ऑक्टोबर
वादळ. कोबीचा वाफा गेला. जाहिरात सुधारली : 'समुद्र आता जेवणघरातूनही दिसतो.'

९ नोव्हेंबर
पाहुण्यांच्या कुत्र्याने किनाऱ्यावरून हाड आणलं. गाईचं, असं मी ठामपणे सांगितलं. पाहुणे डॉक्टर निघाले. त्यांनी हाड उलटसुलट करून पाहिलं, मग चर्चचं जुनं कब्रस्तान नक्की कुठे होतं ते विचारलं. मी कड्यापलीकडे, हवेत बोट दाखवलं. नाश्ता न करताच गेले.

२१ नोव्हेंबर
कौन्सिलचा माणूस. घर ताबडतोब सोडा म्हणाला. पोरगेलासा होता, अनुभव कमी. हेस्टरने बॅग भरली.
"विनीकडे चाललेय. बहीण आहे, ठेवून घेईल. तू येतोस?"
बुकिंग आहे म्हटलं. पार्जिटर पतिपत्नी, लग्नाचा वाढदिवस.
"त्यांना येऊ नका म्हणून कळव. आजच. क्लेमंट, शब्द दे."
दिला. तिला बसस्टॉपवर सोडलं. घरी आल्यावर जमिनीखालचा आवाज जरा जास्तच वाटला, म्हणून रेडिओ लावला. कळवायचं राहिलं.

६ डिसेंबर
पार्जिटर मंडळी काल आली. गोड म्हातारी जोडी. सकाळी मिस्टर पार्जिटर चहा घेऊन बागेतल्या बाकावर जाऊन बसले. अंडी गार होतायत म्हणून बाईंनी आतून हाक मारली. दोनदा. ते कुरकुरत आत आले, खुर्चीत टेकले, अंडं जास्त शिजलंय म्हणाले.
तेवढ्यात ते झालं. आवाज फारसा नाही. कुणी मोठा उसासा टाकावा तसा. खिडकीबाहेर बाक नव्हता. गवत नव्हतं. नुसता समुद्र.
बाईंनी नवऱ्याची बाही मुठीत धरली, ती सोडेनात. मी विचारलं, "आणखी टोस्ट?"
मिस्टर पार्जिटर माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाला माहीत होतं," म्हणाले. प्रश्न नव्हता तो.
मी उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला. थंडी होती.

१४ डिसेंबर
विनीच्या घरी. सामानाच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी पलंग टाकलाय.
रेक्टरी मंगळवारी दुपारी गेली. आधी धुराडं, मग बाकीचं. सगळं गाव रस्त्यावर उभं राहून बघत होतं. मिसेस गॅरड टोमणा मारतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी माझा दंड धरला आणि मला आणखी मागे ओढलं.
हेस्टरसाठी उत्तर तयार केलंय. वाऱ्याची बदललेली दिशा, भरतीचं प्रमाण, अपवादात्मक हिवाळा. तीन मुद्दे, सगळे बिनतोड.
ती संध्याकाळी चहा घेऊन आली. कप ठेवला. माझ्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. काहीच विचारलं नाही.
उत्तर अजून तयार आहे.