मुठीपाशी उघडे ठेवलेले लाकूड

दादा, तुम्ही शिकवत होता त्या शाळेच्या नाटकासाठी लाकडी तलवारी करत होता, तेव्हा प्रत्येक तलवारीची मुठीजवळची वीतभर जागा बेगड न लावता उघडी का ठेवत होता, हे मला आता कळले आहे. ज्या रीतीने कळले ती तुम्हाला आवडली नसती. म्हणून हे तुम्हालाच सांगतो आहे; दुसऱ्या कोणाला सांगण्याची सोय राहिलेली नाही.

सिरसाळ्याजवळच्या त्या खेड्यातले आपले स्वयंपाकघर मला स्वच्छ दिसते. आई चुलीवर खळ शिजवते आहे, तुम्ही पाटावर बसून सावरीच्या फळीला पात्याचा आकार देता आहात, आणि मी बेगडीचा कागद सुरकुती न पडू देता चिकटवतो आहे. सुरकुती पडली की मी कागद सोलून पुन्हा लावत असे; आई म्हणायची, "पोरगं हाय का सोनार?" तुम्ही हसत होता. मी नववीत असताना मात्र तुम्ही हसला नाहीत. त्या वर्षी मी तुमच्या नकळत एका तलवारीची उघडी जागाही बेगडीने मढवली होती. पाते संपून मूठ कुठे सुरू होते ते बोटालाही लागू नये, इतके ते काम नेटके होते. पडदा वर जाण्याआधी तुम्ही ती तलवार उचलली, उजेडात धरली आणि नखाने बेगड ओरबाडून काढली. म्हणालात, "शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसालाही लाकूड दिसलं पाहिजे. न्हाई दिसलं तर ते नाटक ऱ्हात न्हाई." नाटक संपल्यावर, दर वर्षीप्रमाणे, साऱ्या तलवारी गुडघ्यावर मोडल्यात आणि दुसऱ्या दिवशी त्यांवर अंघोळीचे पाणी तापले. मला तो माझ्या कामाचा अपमान वाटला. चांगले झालेले काम मुद्दाम बिघडवणारा बाप, असे मी तुमच्याविषयी बरीच वर्षे मनात धरून होतो.

तुम्हाला जाऊन दोन तपे उलटली. अंबाजोगाईच्या घरात तुमची खाट होती त्या मागच्या खोलीत आता एक यंत्र आहे, साधारण त्या खाटेएवढेच. संगणकावर आकृती काढली की यंत्रातले फिरते पाते ती फळीत जशीच्या तशी कोरते. वाणिज्य शाखेचा पदवीधर, दिवसभर महाविद्यालयाच्या कार्यालयात जमाखर्च तपासणारा मी, या छंदात कसा पडलो याचे उत्तर सोपे आहे. तुमचा नातू पुण्यात नोकरी करतो आणि संगणकावरचे युद्धाचे खेळ खेळतो. त्या खेळांतल्या पात्रांसारखा पोशाख करून मुले एकत्र जमतात. अशा एका मेळाव्यासाठी त्याला खेळातल्या अवकाशसैनिकाचे पिस्तूल हवे होते, आणि बाजारातले त्याला ओबडधोबड वाटले. मी ते करून दिले. दोन अर्धी सांधून, पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून, रंगाचे हात देऊन झाल्यावर सांधा कुठे आहे हे मलाही शोधावे लागले. त्या पिस्तुलाच्या नळीवर निळ्या प्रकाशाची एक पट्टी होती. खेळात तशीच असते. ती पट्टी दिसत होती तोवर ते शस्त्र कोणाला खरे वाटू शकत नव्हते. तुमची ती वीतभर जागा खेळ तयार करणाऱ्यांनी आपणहून ठेवली होती, पण तेव्हा मला ते सुचले नाही.

दिवाळीनंतर तुमच्या त्याच खेड्याकडची दोन माणसे पांढऱ्या गाडीतून घरी आली. तिकडच्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. तलवारीने केक कापण्याची आता रीतच झाली आहे. त्यांना वेगळे काही हवे होते. मेळावा झाल्यावर मुलाने परत आणून ठेवलेले फळीवरचे पिस्तूल एकाने उचलून न्याहाळले.

"सर, हे निळं कावून हाय?"

मी म्हणालो, "मूळ खेळात असंच आहे."

"खेळातलं राहू द्या. काळं करा. साहेबाच्या हातात खेळणं दिसाया नको."

"फोटोपुरतंच हाय, सर," दुसरा म्हणाला, आणि चहाचा कप खाली ठेवत सहज विचारावे तसे विचारले, "तुमचा मुलगा पुण्यात असतो न्हवं? कोणत्या भागात?"

मी पुण्याचा भाग सांगितला, दादा. आणि पट्टीची खाच बुजवून दिली. भीतीने केले असे म्हणता आले असते, पण पुढचे भीतीने केलेले नाही. काळे झालेले ते पिस्तूल हातात घेतले तेव्हा ते हलके लागले. दिसणे आणि वजन यांचा मेळ बसेना. तो दोष मला सहन झाला नाही. कोणीही सांगितले नसताना मी मूठ आतून कोरली आणि तिच्यात लोखंडी सळईचा तुकडा बसवला.

परवा सकाळी माझा शाळेतला जुना मित्र आला. तुमच्या नाटकात सेनापती तोच असायचा. मी बेगड लावलेली ती तलवारही त्याच्याच हातात होती. सिरसाळ्यात त्याचे बी-बियाण्यांचे दुकान आहे. गावच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्याने पुढाऱ्याच्या माणसाविरुद्ध अर्ज भरला आहे. गायरानाची जमीन कोणाच्या घशात चालली आहे, हे भर ग्रामसभेत विचारणारा तो एकटाच. ओसरीवर बसता बसता म्हणाला, "पाणी दे बे आधी." पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"अर्ज काढून घ्यायलोय," तो म्हणाला.

"का रे?"

"दोघं आलते दुकानात. शिव्या न्हाई, आरडाओरडा न्हाई. चहा मागवला माझ्याच पैशानं. खिशातून काढलं आन् काउंटरवर ठिवलं. लई जड होतं बे. काच अशी वाजली का मला वाटलं फुटलीच. 'उद्या बी येऊ,' म्हणले, आन् गेले. बायको आतून बघत व्हती. ती कालपासून जेवली न्हाई."

काच वाजली. ती कशाने वाजली हे या जिल्ह्यात मला एकट्याला ठाऊक होते. मी विचारले, रंग कसला होता. काळा. मुठीवर आडव्या रेघा? "व्हत्या. तुला कसं कळलं?" मी म्हणालो, अशा वस्तूंवर असतातच. मागच्या खोलीचे दार उघडे होते. यंत्रावर मी चादर टाकलेली होती.

मग त्याने ते विचारले. "तुला काय वाटतं? खरंच असंल का ते? आपल्या सरांच्या तलवारी कशा, लांबूनच कळायच्या. मी लई निरखून बघितलं रे. कुठंच कळंना."

त्याला हवे होते ते एकच वाक्य होते. लाकूड आहे ते, मी केले आहे. तेवढ्याने तो उठून गावी गेला असता आणि अर्ज तसाच राहिला असता. पण तो कितीही जिवाचा असला तरी त्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत ते वाक्य चावडीवर गेले असते, तिथून पांढऱ्या गाडीत, आणि तिथून पुण्याला. मी म्हणालो, "काय सांगता येतं. जपून राहिलेलं बरं."

"सर असते तर काय म्हणले असते?" जाताना त्याने चपला घालत विचारले. मी त्याला थांबून जेवायला सांगितले. तो थांबला नाही.

अर्ज मागे घेण्याची मुदत उद्या दुपारी संपते. काल ती दोन माणसे पुन्हा आली होती. त्यांना तशीच आणखी पिस्तुले हवी आहेत. कशासाठी, हे या वेळी त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. एकाने जाताना माझ्या कामाची मनापासून स्तुती केली: "सर, हात हाय तुमचा. साहेब सुदिक फसले." ते ऐकून मला क्षणभर बरे वाटले.

मी हे लिहितो आहे तेव्हा दुपार आहे, उन्हाने खिडकीची जाळी तापली आहे, आणि तुमच्या खोलीत यंत्र चालू आहे. पात्याचा आवाज भिंतीतून टेबलापर्यंत येतो. मित्राला फोन करण्यासाठी दोनदा उठलो. एकदा त्याची घंटा वाजलीही, आणि त्याने उचलण्याआधी मी ठेवून दिला. हा कागद लिहून झाला की लाकडाच्या भुशाच्या पोत्यात जाईल. भुसा शेजारच्यांच्या पाण्याच्या बंबासाठी देतो. तुमच्या तलवारींपेक्षा तो लवकर पेटतो.

एक सांगायचे राहिले. या वेळी मी तुमचे ऐकले आहे. प्रत्येक पिस्तुलावर नखाएवढी जागा रंग न लावता उघडी ठेवणार आहे, तिथे लाकूड स्पष्ट दिसेल. जागा मुठीवर निवडली आहे, आतल्या अंगाला. पिस्तूल हातात धरले की ती तळहाताखाली पूर्ण झाकली जाते. मी धरून पाहिले आहे.