दोन मेलहफे

यम्मा,

नुआकशॉतहून तुझ्या तेकबेरचा सलाम. इकडे सगळं ठीक आहे. शेळ्या व्याल्या का?

दादा सांगत होता, माझा फोटो बघून तू म्हणालीस, "पोर छान भरलीय." यम्मा, त्या दिवशी जाड दिसावं म्हणून मी अंगभर एकावर एक दोन मेलहफे गुंडाळले होते. मी वाळलेय. नवऱ्याने उपाशी ठेवलेलं नाही गं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकी वर्षं एवढं वजन ओढून हृदय थकलंय. म्हणून रोज संध्याकाळी बायकांबरोबर स्टेडियमभोवती चालते. शेजारची वर्दा ओरडते, "अगं, गाभण उंटीणसुद्धा तुझ्याआधी विहीर गाठेल!"

लहानपणी तू मला मांडीवर घेऊन दुधाचा वाडगा तोंडाला लावायचीस. "पी, बारीक राहिलीस तर लोक म्हणतील, आईचं लक्ष नाही." त्या दुधाचा वास अजून येतो, आणि तुझ्या हाताचाही.

तुझे पाय अजून सुजतात का? बोटाने दाबून बघ. खळगा राहत असेल तर दादाबरोबर लगेच इकडे निघून ये. माझेही तसेच सुजायचे.

नाहीतर ईदला मीच येईन. मला बघून रडू नकोस. वाडगा आण, तुझ्या हातून घोटभर पिईन. मग माझा हात धर. आपण दोघी हळूहळू विहिरीपर्यंत चालत जाऊ.

तुझ्या मांडीवरची,
तेकबेर