अर्ध्या तासात मान टाकणारा लॅपटॉप मिळणेबाबत

प्रति,
मा. साहित्य वाटप अधिकारी,
पदव्युत्तर विद्यार्थी साहाय्य कक्ष,
तळमजला, जिन्याखालची खोली.

विषय : मला दिलेला हलका लॅपटॉप (नमुना अ) परत घेऊन जड लॅपटॉप (नमुना क) देणेबाबत.

संदर्भ : १) वाचनालयाच्या फलकावरील आपली सूचना, ‘रोजच्या वापरासाठी, सहज नेता येईल असा लॅपटॉप निवडावा’.
२) माझा तोंडी अर्ज, जो आपल्या शिपाईमामांनी ‘लेखी आणा’ म्हणून तोंडीच फेटाळला.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय निवेदन करतो की, मी आपल्या विद्यापीठात पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या वर्षात शिकत आहे. वय एकाहत्तर. प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंनी ‘नातवाचं ॲडमिशन का काका?’ असे विचारले होते. मी हो म्हणालो आणि नातवाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. तत्पूर्वी मी एका पाच मजली कचेरीत लिफ्टमन होतो. लिफ्ट चालवता चालवता गोष्टी सांगण्याची सवय जडली. माझी छोटी गोष्ट दोन मजल्यांची असे, मोठी पाच मजल्यांची. तिसऱ्यावर काम असलेले साहेब लोक गोष्टीपायी पाचव्यापर्यंत येत आणि दोन मजले जिन्याने खाली जात. पुढे बटणांची लिफ्ट बसली. लोक आपापली बोटे घेऊन आले, माझी गरज उरली नाही. सध्या माझ्या प्रबंधाचा विषय ‘कामाच्या जागी माणसे एकमेकांना मारतात त्या थापा’ हा आहे. मार्गदर्शक बाईंनी थापा खोडून तेथे ‘मौखिक कथने’ असे केले आहे. थापा त्याच आहेत.

२. आपल्या सूचनेनुसार तीनपैकी एक लॅपटॉप निवडायचा होता. नमुना अ हलका व पातळ, बॅटरी दिवसभर चालणारी. नमुना ब मधला. नमुना क जुन्या साठ्यातला, जाड, जड, बॅटरी अर्धा तास चालली तर नशीब. याबाबत मी दूर देशी असलेल्या माझ्या लेकीचा सल्ला घेतला. ती म्हणाली, ‘बाबा, अ-च घ्या. क म्हणजे वीट आहे वीट. खांदा दुखतो म्हणून तुम्ही दूध आणायला जात नाही आणि हे ओझं वाहणार?’ मी मान्य केले. लेकीचे ऐकले की फोन दोन मिनिटे जास्त चालतो, असा माझा अनुभव आहे. त्या दोन मिनिटांपायी माझी निवड चुकली, हे येथे नमूद करतो.

३. नमुना अ याबाबत माझ्या तक्रारी पुढीलप्रमाणे आहेत. पहिली, वजन. हा लॅपटॉप पिशवीत आहे की नाही हे खांद्याला कळत नाही. तो घरीच राहिला असे वाटून मी अर्ध्या रस्त्यातून परत गेलो. लॅपटॉप पिशवीतच होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा परतलो, तेव्हा पिशवीच घरी राहिली होती आणि मी तसाच एक खांदा खाली करून चाललो होतो. खिडकीपाशी उघडून ठेवला असता पंख्याच्या वाऱ्याने तो मिटला, आणि पंखा आणखी वाढवला असता टेबलावरून उठून पलंगावर जाऊन पडला. शेजारच्या वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘काका, पंखा तरी चालतोय का तुमचा?’ तो मुद्दा वेगळा आहे.

दुसरी तक्रार कळफलकाची. तो आवाज करीत नाही. रिकाम्या घरात रात्री टंकलेखन करताना काहीतरी खडखडावे, एवढी अपेक्षा माझ्या मते गैर नाही.

४. तिसरी तक्रार मुख्य आहे, ती बॅटरीची. सोमवारी चार्ज केलेला हा लॅपटॉप बुधवारी संध्याकाळीही निम्मा भरलेला होता. दुकानदार, लेक, वर्गातली मुले, सर्वजण हा त्याचा गुण मानतात. माझे नुकसान याच गुणाने केले आहे, ते कसे ते पुढे मांडतो.

५. आपल्या वाचनालयात उत्तरेच्या भिंतीलगत एक लांब टेबल आहे. विजेचा चालू बोर्ड संपूर्ण वाचनालयात तेथे एकच. त्यात दोन भोके, पैकी दुसरे सैल. त्यात पिन बसवली तर ती कोणीतरी हाताने दाबून धरावी लागते, सोडली की चार्जिंग बंद. नवीन लॅपटॉप येण्यापूर्वी आम्हा सर्वांकडे कोणाच्या ना कोणाच्या घरातली थकलेली यंत्रे होती आणि दिवसातून एकदा तरी प्रत्येकाला या टेबलाशी यावे लागे. टेबलाचा नियम असा की, ज्याची बॅटरी शेवटच्या घटका मोजते आहे त्याचा पहिला नंबर. बाकीच्यांनी थांबायचे. सैल पिन धरण्याचे काम माझ्याकडे होते. आयुष्यभर लिफ्टचा दांडा धरलेला हात, त्याला पिनेचे काय ओझे.

थांबलेल्या माणसांना काहीतरी हवे असते, म्हणून मी गोष्टी सांगत असे. वनस्पतिशास्त्राची एक चष्मेवाली आणि गणिताचा एक मुलगा, ज्याला सगळे चुळबुळ्या म्हणतात, ही दोघे नेहमीची. चुळबुळ्या म्हणे, ‘काका, मला दहा टक्क्यांची गोष्ट पुरे, लेक्चर आहे.’ चष्मेवाली म्हणे, ‘याला दहाची सांगा, मला पुढची वीस टक्क्यांची वेगळी सांगा, मला खोटी जास्त आवडते.’ एकदा तिची बॅटरी पूर्ण भरली तरी तिने पिन काढली नाही. मीही धरून राहिलो. याची नोंद कोठे नसल्यामुळे येथे करतो.

६. त्यानंतर आपल्या कक्षाने नवे लॅपटॉप वाटले. योजना चांगली आहे, मुलांची सोय झाली, याबद्दल आपले आभार. परंतु दिवसभर चालणारी बॅटरी हाती आल्यावर टेबलाशी येण्याचे कोणाला कारण राहिले नाही. चष्मेवाली आता जिन्याच्या पायरीवर बसते, चुळबुळ्या झाडाखाली. मी त्या दोघांकडे जाऊन पाहिले. ‘बसा ना काका’ म्हणून जागा करून देतात, कानातले हेडफोन काढतात आणि मी काय बोलतो ते नम्रपणे ऐकून घेतात. हे नम्रपणे ऐकणे मला झेपत नाही. माझे श्रोते पहिल्यापासून अडकलेले असत, लिफ्टमध्ये नाहीतर बोर्डापाशी. निघून जाता येत असताना माणसाला धरून गोष्ट सांगणे म्हणजे भीक मागण्यासारखे वाटते.

७. या अर्जातील मजकुरात काही ठिकाणी माझ्या धंद्याच्या सवयीने थोडी भर पडली आहे, ती आपण वजा करून घ्यालच. या कलमात भर नाही. गेल्या मंगळवारी मी वाचनालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत त्या टेबलाशी बसलो. माझा लॅपटॉप भरलेला होता, तरी मी त्याची पिन सैल भोकात घालून धरून ठेवली, जेणेकरून येणाऱ्याला वाटावे की येथे काहीतरी चालू आहे. पहिले भोक मोकळे सोडले होते. कोणी आले नाही. शेवटी ग्रंथपाल बाई दिवे मालवायला आल्या आणि म्हणाल्या, ‘काका, तुमचा भरलाय हो. केव्हाचा भरलाय.’

८. याखेरीज एक काम अर्धवट राहिले आहे. वाटपाच्या आदल्या दिवशी मी टेबलावर अशी गोष्ट सांगत होतो की, एका दुपारी आमची लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबलीच नाही. वर गच्ची, गच्चीच्या वर आकाश, तरीही लिफ्ट आपली वर. आत मी आणि टपालाचा गठ्ठा घेतलेला एक कारकून. मग लिफ्ट थांबली. मजला दाखवणाऱ्या तबकडीवर पाचच्या पुढे आकडा नाही, काटा त्याच्या पलीकडे जाऊन टेकला. मी जाळीचे दार सरकवले. एवढ्यात चुळबुळ्याची बॅटरी भरली आणि तो ‘उद्या काका, उद्या, दार तसंच ठेवा’ असे म्हणून पळाला. दुसऱ्या दिवशी त्याला लॅपटॉप मिळाला. मी दार तसेच ठेवले आहे. कारकून अजून गठ्ठा घेऊन उभा आहे, त्याचे हात दुखत असतील.

९. सबब, नमुना अ परत घेऊन मला नमुना क देण्यात यावा. तो जड आहे, म्हणजे तो सोबत आहे हे खांद्याला कळेल. त्याचा पंखा घरघरतो, म्हणजे घरात आवाज राहील. तो अर्ध्या तासात मान टाकतो, म्हणजे मला टेबलाशी बसण्यास खरे कारण मिळेल, भरलेल्या लॅपटॉपची पिन धरून बसण्याचे सोंग करावे लागणार नाही. एकाने थांबायला सुरुवात केली की दुसरा थांबतो, असा लिफ्टच्या दारातला अनुभव आहे. लेकीला मी कळवणार नाही. कळवले तर ती रागावेल, आणि रागावली तर फोन बराच वेळ चालेल, तेव्हा कदाचित कळवीन.

१०. आता अडचण अशी की, शिपाईमामांच्या सांगण्यानुसार नमुना क चा साठा संपला. ‘शेवटचा एक आहे, तो साहेबांच्याच टेबलावर आहे,’ असे ते म्हणाले. लेखी अर्ज कोणाकडे द्यायचा याची चौकशी करण्यास मी आलो तेव्हा आपले दार अर्धे उघडे होते. आपण एका हाताने वायर वाकवून धरली होती आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने टंकलेखन करीत होता. डबा उघडा होता, समोरची खुर्ची रिकामी होती. हात मोकळा नसल्यामुळे आपल्याला जेवता येत नव्हते. मी आत आलो नाही, कारण माझा नंबर आला नव्हता.

तरी विनंती की, आपल्याकडील नमुना क माझ्या नावे वर्ग करण्यात यावा व नमुना अ आपण वापरावा. नियमात तसे बसत नसल्यास, जेवणाच्या सुट्टीत आपला लॅपटॉप व डबा घेऊन आपणच उत्तरेच्या टेबलावर येण्याची कृपा करावी. कलम ८ मधील दाराच्या पलीकडे काय होते ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. त्याला अर्धा तास लागतो.

आपला नम्र,
(सही)
हजेरीपटावर माझे नाव आहे, वाचनालयात ‘लिफ्टकाका’ म्हणून विचारावे.
दिनांक : १४ सप्टेंबर

सोबत :
१) नमुना अ, खोक्यासह, पूर्ण भरलेला.
२) बसण्याची जागा : भिंतीकडून दुसरी खुर्ची. पहिले भोक विद्यार्थ्यांसाठी मोकळे ठेवावे लागेल, कोणी आले तर. आपण सैल भोकात लावावे. पिन मी धरीन.